जुना संगणक भंगारात देण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. वाढीव मुदतीसाठी ज्यांनी नोंदणी केली त्यांना त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. बाकीच्यांचे संगणक चालू आहेत, पण नव्या धोक्यांपुढे उघडे आहेत. असा संगणक तालुक्याच्या दुकानात नेला की एकच उत्तर मिळते : याच्यावर विंडोज ११ चढत नाही, नवीन घ्या. सोयाबीनचा चुकारा नुकताच हाती आलेल्या कास्तकाराला हा सल्ला पटतोही. पण यंत्र बिघडलेले नसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. खेड्यापाड्यांतल्या घरांत दिसणारे दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-३ आणि आय-५ त्या अटीत बसत नाहीत, एवढेच.

त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली, चालते. प्रश्न उरतो तो घरातल्या साध्या माणसाचे रोजचे काम त्यावर निभते का, हा. संगणक दुरुस्ती आणि शिकवणीच्या कामातून आमचे मत असे झाले आहे की लिनक्स तयार आहे. पण तुमच्या टेबलावरचा प्रिंटर तयार आहे का, हे आधी पाहावे. निर्णय वादाने होत नाही, जोडलेल्या वस्तूंवरून होतो. त्याचाच तपशील या पत्रात देत आहोत.

घरचे काम पाहा. डिजिटल सातबारा काढणे, महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, बारावीचा निकाल, वीजबिल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मुलांचे यूट्यूब. हे सगळे ब्राउझरमध्ये होते आणि क्रोम किंवा फायरफॉक्स लिनक्सवर तसाच चालतो. ई-पीक पाहणी तर मोबाइलवरच करायची असते. आधारची पीडीएफ नेहमीच्याच पासवर्डने उघडते, म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. एखादा सरकारी अर्ज उघडल्यावर ‘प्लीज वेट’ एवढेच दिसत राहिले, तर तो एक्सएफए प्रकारचा फॉर्म असतो. तो लिनक्सच्या साध्या पीडीएफ दर्शकात न उघडता फायरफॉक्समध्ये उघडावा; फायरफॉक्सला २०२१ पासून तो वाचता येतो.

ज्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये त्यांनाही स्पष्ट सांगायला हवे. टॅली विंडोजसाठीच बनते. डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे यंत्र वापरणाऱ्या सेवा केंद्रांनी कामाचा संगणक विंडोजवरच ठेवावा. त्या उपकरणांचे सोबतचे प्रोग्राम आणि पोर्टलची सही करणारी साधने बहुतेक विंडोज धरूनच तयार केलेली असतात आणि अडले तर मदतही त्याचीच मिळते. मॅक्रो (आपोआप कामे करणाऱ्या आज्ञा) भरलेल्या एक्सेल फायली लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस-संचात उघडतात, पण बटणे दाबली तरी बऱ्याचदा काही होत नाही. शाळेकडून किंवा पंचायत समितीकडून अशी फाइल भरून मागितली जात असेल तर त्या घरात विंडोज लागेलच.

बाकीच्यांसाठी आम्ही लिनक्स मिंट हे लिनक्सचे सोपे रूप सुचवतो. त्याच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई आवृत्ती, आठ असेल तर सिनॅमन. दोन जीबीवर मिंट सुरू होते, पण ब्राउझरमध्ये तिसरे पान उघडले की यंत्र धापा टाकू लागते, कारण मेमरी ब्राउझर खातो. अशा वेळी जुन्या डीडीआर-३ ची चार जीबीची पट्टी टाकावी. त्याहून मोठा फरक पडतो तो फिरती हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने. जुने यंत्र संथ वाटते ते बहुतेक वेळा डिस्कमुळे. प्रोसेसर मात्र ६४-बिट हवा. कोअर टू ड्युओ चालतो, पेन्टियम-४ च्या काळातली बरीच यंत्रे आणि पहिले छोटे अ‍ॅटम लॅपटॉप चालत नाहीत. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली, तेव्हा त्या यंत्रांच्या मागे लागू नये.

मिंटची फाइल साधारण तीन जीबीची. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही आणि मध्येच रेंज गेली की अर्धवट राहते. म्हणून टॉरंटने उतरवावी. ते जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. किंवा ज्याच्या घरी फायबर आहे त्याच्याकडून पेन ड्राइव्हवर आणावी. ही प्रत वाटणे पूर्ण कायदेशीर आहे. एकाने उतरवून सगळ्या गावाने वापरली तरी चालते. उतरवल्यावर संकेतस्थळावरची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी अक्षर-अंकांची ओळ) जुळवून पाहावी. ती जुळली नाही तर फाइल खराब उतरलेली असते, आणि बसवताना मध्येच येणाऱ्या अनाकलनीय चुकांमागे अनेकदा हेच कारण असते.

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातले सगळे पुसले जाईल हे लक्षात ठेवा आणि विंडोजमधून रुफस या प्रोग्रामने फाइल त्यावर चढवा. तो आयएसओ की डीडी, यांतली कोणती पद्धत, असे विचारतो. आधी आयएसओ निवडा, यंत्र त्यावरून सुरू झाले नाही तर पुन्हा डीडीने चढवा. नंतर संगणक सुरू होताना पेन ड्राइव्ह निवडण्याची कळ दाबा : डेल, लेनोव्हो, एसरवर एफ-१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ-९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. सुटे भाग जोडून केलेल्या डेस्कटॉपवर मदरबोर्डनुसार एफ-८, एफ-११ किंवा एफ-१२ लागते. एसरमध्ये ती कळ बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते.

आता डेस्कटॉप दिसेल, पण डिस्कवर अजून काहीही बदललेले नाही. सगळे पेन ड्राइव्हवरून चालू आहे. याच अवस्थेत तासभर घालवा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, स्कॅनर, मराठी टंकलेखन, सगळे तपासा. इथे जे चालते ते बसवल्यावरही चालते. इथे जे अडते त्याचे उत्तर मिळेपर्यंत बसवू नका. आमच्या पाहण्यात नापसंती झाली ती बहुतांशी ही पायरी गाळल्याने.

वायफाय अडले तर आधी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करा. ते कोणताही ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) न घालता चालते आणि पुढची वाट मोकळी होते. २०१३ ते २०१५ च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम-४३१४२ चिप आहे. तिचा ड्रायव्हर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून एका टिचकीने येतो. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर तो बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले की ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि दोष लिनक्सवर येतो. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये रिअलटेकची ८७२३-बीई चिप आहे. तिला लॅपटॉपात एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर भलतीच निवडतो, त्यामुळे राउटरजवळ बसूनही एकच काडी दिसते. त्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘अँट-सेल’ची किंमत २, आणि तरी नाही झाले तर १, लिहिली की रेंज पूर्ण येते.

आता प्रिंटर. आपल्याकडे सर्वांत जास्त अडचण इथे येते, आणि ती मॉडेलवर ठरते.

एप्सनच्या शाईटाकीवाल्या एल-३११०, एल-३२१०, एल-३२५० यांना त्रास नाही. त्यांचा ईएससी/पी-आर ड्रायव्हर मिंटच्या प्रोग्रामांच्या भांडारातच आहे. स्कॅनर ओळखला गेला नाही तर एप्सनचे ‘एप्सन स्कॅन २’ हे लिनक्सचे पॅकेज बसवावे. आपल्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवस प्रिंटर बंद राहिला की शाई वाळते. हेड साफ करायला संगणक लागतच नाही. ३११० आणि ३२१० वर थांबवण्याचे बटण पाच सेकंद दाबून धरले की सफाई सुरू होते.

एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याची एक खोड आहे. या प्रिंटरच्या पोटात त्याचा स्वतःचा प्रोग्राम साठवलेला नसतो. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने तो पाठवायचा असतो. लिनक्समध्ये हे काम एचपीचे वेगळे प्लगइन करते, ते ‘एचपी-सेटअप’ चालवून इंटरनेटवरून एकदा घ्यावे लागते. प्लगइन आणि एचपीलिप (एचपीचा लिनक्ससाठीचा छपाईचा प्रोग्राम) यांची आवृत्ती एकच हवी. मोठ्या अपडेटनंतर प्रिंट गप्प झाली तर प्रिंटर बिघडला असे समजून उघडू नका, प्लगइन पुन्हा घ्या.

कॅनॉन एलबीपी-२९०० हा मात्र खरा अडथळा आहे. दणकट आणि स्वस्त म्हणून तो आपल्याकडे सगळीकडे दिसतो. तो ‘कॅप्ट’ नावाची कॅनॉनची स्वतःची भाषा बोलतो. तिचा लिनक्स ड्रायव्हर फार जुना आहे आणि प्रिंटर बंद-चालू केला की पार्श्वभूमीत चालणारा त्याचा भाग अडकून बसतो. जाणकार माणूस तो चालवू शकेल, पण घरी रोज कोणी असे करत बसणार नाही. ज्यांच्याकडे हा प्रिंटर आहे आणि दररोज छपाई आहे त्यांनी त्या संगणकावर विंडोज राहू द्यावे. महिन्याला चार पाने काढणाऱ्याने पीडीएफ करून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली तर काही बिघडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रणालीची भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली की कागदाचा आकार ‘लेटर’ धरला जातो. मग अर्जाची खालची ओळ कापली जाते, किंवा ट्रेमध्ये ए-४ असतानाही प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर मागत राहतो. सुरुवातीलाच भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा मराठी निवडा, म्हणजे ए-४ आपोआप येतो.

मराठी टंकण्याची सोय लिनक्समध्ये पूर्वीपासून चांगली आहे, फक्त ती कुठे आहे हे माहीत हवे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना ‘मराठी एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट’ निवडा आणि भाषा बदलण्यासाठी ऑल्ट-शिफ्टसारखी कळ ठरवून द्या. ही कळ आपोआप ठरलेली नसते. यात वेगळा प्रोग्राम लागत नाही. ‘शेतकऱ्याचा’ लिहिताना अनेकांचा ‘र्य’ होतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ने ऱ, मग डी ने हलन्त, मग य, असे टंकले की ऱ्य बरोबर उमटतो. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्याचे एम-१७-एन पॅकेज बसवा, त्यात मराठीसाठी ‘मिंग्लिश’ आहे. ते शब्द सुचवत नाही, टंकाल तसे उमटते. बसवल्यावर ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडून एकदा लॉगआउट होऊन परत आत यावे लागते. ते केले नाही तर काहीच बदललेले दिसत नाही आणि माणूस तिथेच सोडून देतो.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी निवडा, मग रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स सीटीएल’मध्ये नोटो किंवा लोहित देवनागरी ठेवा. वर्डमध्ये मंगल फॉन्टात केलेली फाइल उघडली तर अक्षरे दिसतील, पण मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट इथे नसल्याने ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. परत पाठवायची फाइल डॉक्स प्रकारात साठवा, नुसती छापायची असेल तर पीडीएफ करा.

कृतीदेव या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टचे वेगळे आहे. तो फॉन्ट घरच्या फोल्डरमधल्या फॉन्ट्सच्या जागी टाकला की जुन्या फायली वाचता येतात. पण विंडोजवर ऑल्ट दाबून आकडे टंकून जी जोडाक्षरे काढतात ती इथे निघत नाहीत. कृतीदेवमधला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला तर विंडोजवरही त्याचा भेंडोळाच होतो. तो दोष फॉन्टचा आहे. परिपत्रके अजून या जुन्या फॉन्टांत वर्ड फाइल म्हणून फिरवणाऱ्या कार्यालयांनी युनिकोड आणि पीडीएफ वापरले, तर लिनक्सच काय, मोबाइलवर वाचणाऱ्याचीही सोय होईल.

आमच्या भागात लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून हेही सांगतो. लिनक्सची एक्स्ट-४ फाइल पद्धत आपल्या बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडण्यातून ती सहसा सावरते. क्वचित काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहून यंत्र थांबते. घाबरू नका आणि लगेच फॉरमॅट करू नका. त्या ओळीच्या थोडे वर डिस्कच्या भागाचे नाव दिलेले असते, जसे एसडीए-२. ‘एफएसके’ ही आज्ञा, उणे वाय, आणि त्या भागाचे पूर्ण नाव (म्हणजे fsck -y /dev/sda2 असे) टंकून एंटर दाबा. एफएसकेचे इंग्रजी स्पेलिंग एफ, एस, सी, के असे आहे. दुरुस्ती झाली की ‘रीबूट’. अपडेट चालू असताना लाईन गेली तर नंतर कोणताच प्रोग्राम बसत नाही. तेव्हा डीपीकेजी या प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन अर्धवट काम पूर्ण करून घ्यावे. ती आज्ञा चुकीच्या संदेशात पडद्यावर जशी येते तशीच, सुरुवातीला ‘सुडो’सह, टंकायची असते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर पावसाळी संध्याकाळी अपडेट लावूच नये.

टाइमशिफ्ट या मिंटमधल्या प्रोग्रामने प्रणालीच्या प्रती ठेवा, पण दोनच. १२० जीबीच्या एसएसडीवर दहा प्रती साठल्या की डिस्क भरते आणि पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पासवर्डच विचारला जातो. अपडेट हाताने करावेत, म्हणजे दिवसाचा डेटा सकाळीच संपत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम ‘सिस्टम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ अशा दोन रूपांत दिसतो; फ्लॅटपॅकसोबत जादा सामान उतरते, म्हणून सिस्टम पॅकेजच घ्यावे. घड्याळ मागे पडून सगळी संकेतस्थळे ‘असुरक्षित’ दिसू लागली तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला.

बसवताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘इरेज डिस्क’. आपल्याकडे लग्नाचे फोटो डी ड्राइव्हमध्ये असतात आणि ‘सी पुसले तरी डी राहते’ अशी सवय झालेली असते. हा पर्याय संपूर्ण डिस्क पुसतो, सी, डी, ई सगळे. फोटो आधी बाहेर काढा.

दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या असतील तर विंडोजमध्ये आधी फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्समध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी-की कागदावर लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बसवणाऱ्या प्रोग्रामला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा (डिस्कच्या जोडणीची सेटिंग) ‘आरएसटी’ वर असते, ती ‘एएचसीआय’ करावी लागते. मात्र विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल थेट केल्याने ते सुरू होत नाही, म्हणून तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. नंतर दोन्हींच्या घड्याळात बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसेल, कारण विंडोज मदरबोर्डचे घड्याळ भारतीय वेळ मानते आणि लिनक्स जागतिक वेळ मानते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की तो फरक मिटतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस लिनक्सवर चालत नाही आणि त्याने लपवलेल्या फायली इथे बहुतेक वेळा उघड दिसतात. चोरीचे विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारे प्रोग्राम घेण्याची वेळही येत नाही. या दोन गोष्टींसाठीही आम्ही अनेकांना मिंट सुचवतो.

अडचण उरते ती दुरुस्तीची. विंडोज बिघडले तर तालुक्यात दहा माणसे आहेत, लिनक्स बिघडले तर एखादा. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेने २००७ मध्येच बॉस नावाचे देशी लिनक्स आणले, केरळच्या सरकारी शाळांत मुले उबुंटूवर आधारलेल्या लिनक्सवरच शिकतात. आपल्या आयटीआयमध्ये आणि संगणक वर्गांमध्ये हार्डवेअरचा अभ्यास करणाऱ्यांना एक आठवडा लिनक्स बसवणे, प्रिंटर जोडणे आणि न सुरू होणारे यंत्र सुरू करणे एवढे शिकवले, तरी प्रत्येक तालुक्याला दोन-चार हात मिळतील. दुकानदारांना आमची विनंती आहे की नवीन यंत्र सुचवण्याआधी गिऱ्हाइकासमोर पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून दाखवावे. आणि प्रिंटर विकताना तो लिनक्सवर चालतो की नाही हे बिलावर लिहून द्यावे.

आपले,
संगणक दुरुस्ती व प्रशिक्षणाचे काम करणारे वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ